तुमचा कोणता वाजवतो?

स्टेडियममध्ये मोठमोठे बँड बघायला जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. भर उन्हात रांग लावायची, पाण्याच्या बाटलीला वाट्टेल तो भाव मोजायचा आणि एवढं करून गायक बघायचा तो पडद्यावरच! तेवढी पुण्याई माझ्या गाठीशी नाही. मला बँड असा बघायचा असतो, की गिटारवाल्याच्या चपलेचा अंगठा तुटलाय हेसुद्धा दिसलं पाहिजे.

त्यासाठी मुंबईत तळघरं आणि गिरण्यांची आवारं धुंडाळावी लागतात. एकेकाळी धोबीतलावच्या रंगभवनात रॉक उघड्यावर चालायचं, 'इंडिपेंडन्स रॉक' तिथेच गाजलं. पण शेजारी कॉलेज, इस्पितळं. म्हणजे शांतता क्षेत्र. पुढे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रंगभवनातला गोंगाट थांबला. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही, बंदिस्त जागेला मात्र सवलत. मग रॉकने काय केलं, तर निमूटपणे दार लावून घेतलं. 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं. ज्या गिरणगावात भोंगा झाला की माणसं कामाला लागायची, तिथे आवाज झाला की माणसं बिअर मागवू लागली. 2016 मध्ये तेही बंद पडलं. छोट्या जागांचं आयुष्य बहुधा असंच. बँडपेक्षा आधी त्याच थकतात.

तिकिटावर आठची वेळ असते. आठला तिथे मी असतो आणि लादी पुसणारा असतो. नऊला ड्रमर येऊन एकच ढोल अर्धा तास बडवतो. गायक माइकसमोर उभा राहून तर्जनी वर करतो, म्हणजे मॉनिटरमध्ये माझा आवाज वाढव. साउंडवाला अंगठा दाखवतो आणि कशालाही हात लावत नाही. हा संवाद रात्रभर चालतो. दोघेही समाधानी असतात.

अशाच एका संध्याकाळी खांबाच्या आड जागा मिळाली. शेजारी एक काकू, मांडीवर पर्स, कानात कापूस. प्रेक्षकांत केस पिकलेले आम्ही दोघंच. थोड्या वेळाने त्या माझ्याकडे झुकल्या आणि म्हणाल्या, "तुमचा कोणता वाजवतो?"

"माझा कुणी नाही हो. मी तिकीट काढून आलोय."

काकूंनी कानातला कापूस काढला. "काय म्हणालात?"

"तिकीट. विकत घेतलं."

त्यांचा चेहरा असा काही उजळला! डावीकडचा मुलगा त्यांचा. "जाड तारांची वाजवतो. सगळे म्हणतात छान वाजवतो, पण मला मेलं त्याचंच काही ऐकू येत नाही." मी म्हटलं, "काकू, बास गिटार आहे ती. ऐकू येत नाही, म्हणजे बरोबर वाजतेय." मध्यंतरात त्यांनी लेकाला हाताला धरून आणला आणि माझी ओळख करून दिली, "हे खरे प्रेक्षक!" बिचाऱ्याने वाकून नमस्कारच केला. हे भाग्य स्टेडियममध्ये लाभत नाही.

खरी पंचाईत शेवटी होते. वन्स मोअर आम्हा मराठी माणसांच्या रक्तात आहे, संगीत नाटकांनी तो मुरवलाय. पण वन्स मोअर घ्यायचा, तर बँडला आधी आत जावं लागतं, आणि इथे आत म्हणजे स्वयंपाकघर. चौघंजण वाद्यं ठेवून त्या झुलत्या दारातून आत गेले. लगेच चिली पनीरची बशी घेऊन वेटर बाहेर आला. आम्ही टाळ्या वाजवतच होतो, त्यालाही मिळाल्या. मागोमाग बँड परतला, ड्रमरच्या तोंडात काहीतरी होतं.

पुढे हेच बँड मोठे होतात. दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'चंच घ्या. लग्नाच्या बँडबाजातली पितळी वाद्यं आणि जुन्या वळणाचा वॉल्ट्झ यांची भलतीच भट्टी जमवणारा हा बँड. 2019 मध्ये त्यांचा 'बिस्मिल्ला' अल्बम आला, पुढे अमेरिका-युरोपचे दौरे झाले, आणि आमच्यातले जुने रसिक त्यांच्याविषयी अमेरिकेला गेलेल्या भाच्यासारखं बोलू लागले: चांगलं झालं हो पोराचं, पण पूर्वीचा राहिला नाही. खरं तर तो होता तसाच आहे. तिकीट महागलंय, ते आम्हाला सोसत नाही.

तेव्हा परवडतंय तोवर जा. ओळखीने फुकट घुसू नका, कारण त्या चाळीस माणसांतली पंचवीस आधीच ओळखीची असतात. टी-शर्ट घ्या, तुमच्या मापाचा नसेलच, तरी घ्या. आणि गाणं चालू असताना मागे बारपाशी उभं राहून ठाण्यातल्या फ्लॅटचे भाव काढू नका. एवढ्या जागेत ते स्टेजवर ऐकू जातात, आणि गायकही घर शोधत असतो.