आलोच सर

वसई-विरार पट्ट्यात, विशेषतः नालासोपारा पूर्वेला, जिथे तळमजल्यावर मेडिकल आणि वर क्लास अशी इमारतींची रचना आढळते, तिथे ‘स्पोकन इंग्लिशचे सर’ ही जात मुबलक सापडते. दिवसा अंधेरीच्या कचेरीत कारकुनी करून संध्याकाळी साडेसातला खडू हाती घेणारा हा गृहस्थ बाकीचे काळ उरकून टाकतो. त्याचा जीव निकटच्या भविष्यकाळात, म्हणजे घडू घातलेल्या क्रियेत, अडकलेला असतो. इंग्रजी क्रियापदाला मराठी ‘येईल’मधल्यासारखा भविष्याचा प्रत्यय नसल्याने तिथे निरनिराळ्या रचनांवर भागवावे लागते, आणि सर त्या सगळ्या विरार लोकलला लटकावून शिकवतात.

वेळापत्रकातल्या घटनेला साधा वर्तमानकाळ चालतो, म्हणून ‘द ट्रेन लीव्ह्ज अॅट सेव्हन टेन’. पावसाळ्यात रुळांवर पाणी चढले तरी हे वाक्य शुद्धच राहते, कारण व्याकरण वेळापत्रकाला बांधील असते, गाडीला नव्हे. ठरलेल्या बेताला चालू वर्तमानकाळ, ऐन वेळी केलेल्या निश्चयाला ‘विल’, आणि जीवदानीच्या डोंगरावर ढग उतरलेले दिसले, म्हणजे लक्षण समोर असले, की ‘गोइंग टू’. सर्वांत जवळचा तो ‘अबाउट टू’. त्याच्या प्रात्यक्षिकासाठी सर बॅग पोटाशी घेतात, चवड्यांवर उभे राहतात, एक हात न दिसणाऱ्या दांडीकडे नेतात आणि तसेच थिजतात. गाडी थांबलेली नाही, पण पाय उचललेला आहे. विरारकर विद्यार्थ्याला याहून अधिक स्पष्टीकरण लागत नाही. बोरिवलीकराला लागले असते. पण तो या गाडीत चढलाच कुठे असता?

1836 साली मराठी व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे वसई तालुक्यातल्या तर्खड गावाचे नाव लावणारे, ही गोष्ट सर प्रत्येक बॅचला अशा थाटात सांगतात की व्याकरण सातबाऱ्यावरूनच त्यांच्या वाट्याला आले असावे. इंग्रजीच्या क्लासात याचा संबंध काय, असे विचारणाऱ्याची जागा दुसऱ्या दिवशी पंख्यापासून दूर जाते.

मात्र मराठीतली याहून मोठी सोय सर शिकवत नाहीत, नुसती वापरतात. अगदी लगेच व्हायची क्रिया मराठीत भूतकाळात सांगता येते. ‘आलो’ म्हणणारा अद्याप आलेला नसतो, आणि त्याला निश्चयाचा ‘च’ जोडला की उरलेले अंतर व्याकरणात शून्यावर येते, प्रत्यक्षात दोन-तीन स्टेशनांनी वाढते. साडेसातला मुले जिन्यात ताटकळत असतात, वर ‘नवी बॅच सोमवारपासून सुरू होत आहे’ हा बारमाही फ्लेक्स फडफडत असतो, कोणीतरी फोन लावतो, सर ‘आलोच’ म्हणतात, आणि त्यांच्या आवाजामागे उद्घोषणा स्वच्छ ऐकू येते: पुढील स्टेशन नायगाव. मुले बोटांवर हिशेब करतात. नायगाव, वसई रोड, नालासोपारा, मग पूल, मग रिक्षाची रांग. त्यातला एक वडापाव आणायला खाली उतरतो आणि जाताना म्हणतो, “आलोच.”