तबकडीपंथी

रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजके नळ आणि मोडक्या टेबलफॅनच्या गराड्यात एखादे साठीचे गृहस्थ उकिडवे बसून रेकॉर्डचं कव्हर हुंगताना दिसले, तर खुशाल समजावं, हे तबकडीपंथी. ते एलपी उन्हात तिरकी धरून चरे तपासतात. मधल्या भोकाभोवती खुंटीने उठलेल्या रेघोट्या बघून आधीच्या मालकाची अक्कल जोखतात. भाव मात्र सुतकी चेहऱ्याने विचारतात, कारण डोळे चमकले की दीडशेचे पाचशे झालेच.

घरी सोहळा. डिस्टिल्ड वॉटरने स्नान, मग कार्बन फायबरचा ब्रश, मग पंखा बंद. सुई टेकते. खर्रर्र!

“बघ, काय वॉर्म आवाज आहे!”

“अहो, अजून भीमसेन बोललेही नाहीत,” आतून काकू.

सीडीचा विषय काढलात तर तुमची संध्याकाळ गेली. “सेकंदाला 44,100 तुकडे करतात रे सुरांचे! पायऱ्या पडतात!” पायऱ्याबियऱ्या काही पडत नाहीत. तेवढ्या नमुन्यांतून साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतची लाट सलग उभी राहते, आणि तिची वरची बरीचशी पट्टी काकांच्या कानांनी केव्हाच सोडून दिलेली असते. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर 96 डेसिबल, चांगल्या एलपीवर फार तर सत्तरच्या आसपास. वर आणखी एक गोची: तबकडी फिरते एकाच गतीने, पण आतला वेढा लहान, त्यामुळे शेवटी शेवटी सुईखालून कमी लांबीची खोबण सरकते आणि बारीक स्वर फरफटतात. नेमकी द्रुत तिथेच आलेली असते.

काका अगदीच खोटे नाहीत म्हणा. मेटॅलिका या बँडच्या 2008च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमचा आवाज इतका दाबून चढवला होता, की चाहत्यांना व्हिडिओ गेममधली तीच गाणी बरी वाटली. काकांनी मेटॅलिका जन्मात ऐकलेलं नाही, पण हा दाखला तोंडपाठ. दोष डिजिटलचा नव्हे, बटणावरच्या हाताचा, असं म्हटलं की ते रेकॉर्ड उलटायला उठतात.

2022 साली मात्र पंथावर मोठीच आपत्ती आली. अमेरिकेतल्या ‘मोबाइल फिडेलिटी’च्या महागड्या रेकॉर्डी म्हणजे अस्सल अॅनालॉगचा कळस, असा जाणकारांचा समज. त्यांतल्या अनेकींच्या वाटेत डिजिटल मुक्काम होता, हे उघड झालं. वर्षानुवर्षं एकाही सोनेरी कानाला पत्ता लागला नव्हता. त्या कंपनीची एक तबकडी पाहुण्यांना कौतुकाने ऐकवणारे काका म्हणाले, “तरीच! मला काहीतरी टोचतच होतं.”

हल्ली रेकॉर्डी झिजू नयेत म्हणून काकांनी भाच्याकडून त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात. सकाळी तळजाईवर कानात ब्लूटूथ घालून तेच ऐकतात. कुणी हटकलंच, तर एक बोंड त्याच्या कानात खुपसतात.

“रेकॉर्डवरून घेतलंय. वॉर्मपणा जसाच्या तसा आलाय की नाही?”