पाकिटाची पुढची बाजू लिहिणाऱ्यास खुले पत्र

महोदय,

मांजराच्या कोरड्या खाद्याच्या पाकिटावर पुढच्या बाजूला काय छापायचं, हे ठरवणारे तुम्ही. तुमचं नाव पाकिटावर कुठेच नसतं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतं आहे. तुमच्या पाकिटावर हातभर सॅमन उसळी मारतो. शेजारी गाजर, मटार, पालकाची जुडी आणि पांढरंशुभ्र, गुबगुबीत मांजर. खाली सोनेरी पट्टीत ‘प्रीमियम’. त्या चित्राचे, चकचकीत शाईचे आणि सोनेरी पट्टीचे पैसे गिऱ्हाइकाने मोजलेले आहेत. मोबदल्यात या बाजूवर त्याला कामाची एकही गोष्ट सांगितलेली नाही.

सॅमनचंच बघू. पाकीट उलटलं की मागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा प्रघात आहे. तुमच्या यादीत आधी मका, मग तांदूळ, मग कोंबडीचं मील म्हणजे भुकटी, मग सोया. सॅमन शोधायला चष्मा लागतो आणि सापडतो तोही ‘फ्लेवर’ हे शेपूट लावूनच. अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या ‘आफको’ या संघटनेने या शब्दांची मापं ठरवून दिली आहेत. ‘विथ सॅमन’ लिहायला शंभरात तीन भाग सॅमन पुरतो. ‘सॅमन फ्लेवर’ला ठरावीक प्रमाणच नाही, चव ओळखता आली की झालं. हे शब्द तुम्ही आमच्या दुकानांत आणलेत, त्यांची मापं सांगायची तेवढी तुम्हाला गरज वाटली नाही.

गाजराचं काय करायचं? माणसाचं शरीर गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवतं. मांजराला ते जमत नाही, त्याला तयार जीवनसत्त्वच लागतं, यकृतातून मिळणारं किंवा खाद्यात मिसळलेलं. दाण्यांच्या लाल-हिरव्या रंगांचंही तेच. मांजराला लाल आणि हिरवा आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत. गोडाची चवसुद्धा त्याला कळत नाही. ती ओळखायला लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरात निकामी असल्याचं फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे ही भाजी आणि हे रंग मांजरासाठी नाहीतच, ते पैसे देणाऱ्या माणसासाठी आहेत.

तो माणूस कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आमच्या गल्लीत एक मावशी पोळीभाजीचे डबे करून घर चालवतात. घरात एक भाटी आणि जिन्याखाली येणारा एक बोका, दोघांचं खाणं त्याच पैशांतून. दुकानात दोन पाकिटं हातात घेऊन त्या उभ्या होत्या. एक साधं, मळकट रंगाच्या कागदाचं. दुसरं तुमचं, महाग. त्यांनी तुमचं घेतलं आणि मला म्हणाल्या, “यात भाजी पण आहे गं, तेवढीच तिच्या पोटात जाईल.” तिला भाजीची गरज नाही हे मी त्यांना सांगितलं. पण हे मी सांगेपर्यंत त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं, आणि तुम्ही तर चित्र काढून नेमकं उलटं सांगितलं होतं. पोटाला चिमटा घेऊन मुक्या जिवाला खाऊ घालणाऱ्या बाईच्या काळजीवर तुम्ही धंदा करता. राग येतो तो याचा.

खरं मोलाचं जे आहे ते तुम्ही मागे, डिंक लावलेल्या घडीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत कोंबलं आहे. त्यातला एक शब्द टॉरिन. हे पोषकद्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होऊन दृष्टी जाते, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. तरीही बाजारातल्या नावाजलेल्या खाद्यांवर वाढलेली मांजरं हृदय फुगून मरत होती. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या हृदयविकाराचा संबंध टॉरिनच्या कमतरतेशी जोडला, आणि टॉरिन दिल्यावर आजारी हृदयं सुधारतात हेही दाखवलं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यांत ते वाढवलं. आज आफकोच्या मापाप्रमाणे कोरड्या खाद्यात ते निदान ०.१ टक्का हवं. हा आकडा पुढच्या बाजूवर सॅमनच्या जागी असायला हवा होता. तो तिथे असता, तर ‘कुत्र्याचं खाद्य स्वस्त पडतं, तेच घालते’ असं सांगणारी माणसं मला दर महिन्याला भेटली नसती. कुत्रा साधारणपणे स्वतःचं टॉरिन बनवतो, म्हणून त्याच्या खाद्यात ते मांजराच्या गरजेएवढं असेलच असं नाही.

दुसरी दडवलेली ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे: हे खाद्य ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे का, आणि कोणत्या वयासाठी. ही ओळ नसेल तर ते खाद्य तोंडात टाकायचा खाऊ आहे, रोजचं जेवण नव्हे. पिल्लांचं आणि गाभण-दुभत्या भाटीचं मोजमाप वेगळं असतं. आफकोच्या हिशेबात पाणी वगळून मोठ्या मांजराला किमान २६ टक्के प्रथिनं लागतात, वाढत्या पिल्लाला ३०. ‘सर्व वयांसाठी’ लिहिलेलं खाद्य पिल्लाचं माप पुरं करतं, त्यामुळे घरात पिल्लू आणि आई दोघं असली तर एकाच पाकिटात भागतं. ही पैसे वाचवणारी माहिती. ती तुम्ही कधी ठळक छापली आहे?

पण प्रथिनांच्या टक्क्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. पाकिटावरचा तो आकडा खाद्यातला नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून काढतात. नायट्रोजन कोंबडीतून आला की आणखी कशातून, हे त्या चाचणीला कळत नाही. २००७ मध्ये याच पळवाटेतून चीनमधल्या पुरवठादारांचं गव्हाचं ग्लुटेन मेलामाइन मिसळून उत्तर अमेरिकेत पोचलं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे प्रथिनं जास्त दिसली. मेनू फूड्स या कंपनीच्या कारखान्यांतून तोच माल स्वस्त आणि महाग अशा कित्येक नावांच्या पाकिटांत आणि डब्यांत गेला. कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. सोनेरी पट्टीने त्यातल्या एकाही मांजराला वाचवलं नाही. म्हणून टक्क्याबरोबर हे विचारायचं, की खाद्य कुठल्या कारखान्यात बनतं, पाककृती बसवणारा पशुपोषणाचा जाणकार कंपनीत आहे का, आणि फोन केला तर कुणी उत्तर देतं का. पशुवैद्यांची ‘डब्ल्यूसावा’ ही जागतिक संघटनाही हेच प्रश्न विचारायला सांगते.

आता पैशांचं. दुकानात प्रत्येकजण किलोचा भाव विचारतो. आता तर पाकिटावर ग्रॅमची किंवा किलोची किंमतही छापावी लागते. मांजर मात्र ग्रॅम मोजून जगत नाही, ते कॅलरींवर जगतं. समजा एक पाकीट ३०० रुपये किलो: प्रथिनं ३० टक्के, मेद ९, तंतू ४, पाणी १०. दुसरं ३८० रुपये किलो: प्रथिनं ३६, मेद १६, तंतू ३, पाणी ८. राख, म्हणजे खनिजं, लिहिलेली नसेल तर ८ धरायची. शंभरातून हे सगळं वजा केलं की उरतो तो पिठूळ भाग, पहिल्यात ३९, दुसऱ्यात २९. प्रथिनं आणि पीठ यांना ग्रॅममागे साडेतीन कॅलरी आणि मेदाला साडेआठ धरल्या, तर पहिल्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३१८ कॅलरी येतात, दुसऱ्यात ३६४. नसबंदी झालेल्या, घरात बसून असणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० लागतात. म्हणजे पहिलं खाद्य ६३ ग्रॅम, जवळपास १९ रुपयांचं. दुसरं ५५ ग्रॅम, जवळपास २१ रुपयांचं. किलोमागे ८० रुपयांची दरी ताटात दिवसाला दोन रुपयांवर येते, आणि त्या दोन रुपयांत प्रथिनं थोडी जास्त, पीठ बरंच कमी. कधी हिशेब उलटाही निघतो, महागड्या पाकिटात कॅलरी तेवढ्याच असतात आणि वरचे सगळे पैसे पट्टीचे ठरतात. पण हा हिशेब मावशींनी कागदावर का मांडायचा? १०० ग्रॅमला किती कॅलरी, हा एक आकडा तुमच्याकडे तयार आहे. तुम्ही तो छापत नाही, कारण तो छापला की शेजारच्या पाकिटाशी तुलना होते.

‘ग्रेन फ्री’ची फॅशन तर तुम्ही आमच्या डोक्यातच भरवली आहे. यंत्रातून दाणा फुलून बाहेर यायला आणि त्याचा आकार टिकायला पिष्ट लागतंच. तांदूळ काढला की मटार, बटाटा किंवा टॅपिओका येतो आणि किंमत वाढते. बहुतेक मांजरांना शिजलेल्या धान्याचा काही त्रास नाही. उलट ‘बायप्रॉडक्ट’ या शब्दाची तुम्ही भीती घालून ठेवली आहे. यकृत, प्लीहा असे अवयव त्यात येतात. उंदीर पकडलेलं मांजर हे अवयव सोडून देत नाही, चवीने खातं. चांगल्या कारखान्यातलं, अवयवांचं मील वापरणारं साधं, मध्यम किमतीचं खाद्य गरिबाच्या घरातल्या मांजराला उत्तम सांभाळतं. हे ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, ती तुम्ही एकदा बघायला हवी. ‘परवडत नाही म्हणून आपण आपल्या माऊचं वाईट करतोय’ ही टोचणी त्यांच्या मनात तुमच्या ‘प्रीमियम’ने रुजवली आहे. अमेरिकेसारख्या देशातही त्या शब्दाला कायद्यात अर्थ नाही.

ही टोचणी माणसाला पुढे कुठे नेते तेही सांगते. ‘चांगलं’ परवडत नाही म्हटल्यावर तो दुकानातल्या उघड्या पोत्यातलं सुटं खाद्य घेतो. पारदर्शक पिशवीत किलोभर दाणे, त्यावर ना तारीख, ना बॅच नंबर, ना टॉरिन. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पोत्यातला मेद खवट व्हायला वेळ लागत नाही आणि दमट दाण्यांना बुरशी धरते. दुसरा माणूस स्वस्त पडतं म्हणून वीस किलोचं पोतं घरी आणतो. दिवसाला ६० ग्रॅमने एका मांजराला ते जवळपास ११ महिने पुरेल. उघडलेलं खाद्य महिना-दीड महिन्यात संपायला हवं, म्हणजे एका मांजराला तीन किलोच्या आतलं पाकीट बरं. आमच्या गल्लीत आम्ही तीन घरं मिळून सात किलोचं एक घेतो आणि उघडतो त्याच दिवशी हवाबंद डब्यांत वाटून टाकतो. पाकिटावरची तारीख आणि बॅच नंबर कापून प्रत्येक डब्यात ठेवतो. रोजच्या थोड्याशा जास्तीनेही मांजर लठ्ठ होतं, म्हणून माप वाटीने नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर.

खाद्य बदलताना काय करायचं, हेही काही पाकिटांवर आढळत नाही. जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडा ते दहा दिवस घ्यायचे. ‘उपाशी राहिली की खाईल’ हे मांजराच्या बाबतीत घातक आहे. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात मेद साचून ते जिवावर बेतू शकतं. आणि पाणी! तुमच्या दाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, उंदरात सत्तरच्या घरात. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्याला तहानेची जाणीव कमी. दाण्यांवर कोमट पाणी ओतायला पैसे लागत नाहीत. फक्त उन्हाळ्यात ते भिजलेलं तासाभरात उचलायचं. बोका पुन्हा पुन्हा मातीत बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. ही ओळ छापायला तुमच्या सॅमनचा एक कल्ला पुरला असता.

माझी मागणी लहान आहे. पुढच्या छपाईत पुढच्या बाजूवर चार गोष्टी द्या: १०० ग्रॅमला कॅलरी, टॉरिनचा टक्का, ‘संपूर्ण आणि संतुलित’ कोणत्या वयासाठी, आणि चार किलोच्या मांजराचा एका दिवसाचा खर्च. आकडे मराठीतही द्या, कारण हे पाकीट कणकवलीत आणि नांदेडमध्येही विकलं जातं. मांजराचं चित्र ठेवायचं तर ठेवा. तुम्ही हे करेपर्यंत दुकानात माझ्या शेजारी जो कुणी उभा असेल, त्याच्या हातातलं पाकीट मी उलटं करून दाखवणार. मावशी आता ते स्वतःच करतात, आणि दुकानदाराला कॅलरी विचारतात.

आपली,
दोन भाट्या आणि एक बोका सांभाळणारी गिऱ्हाईक