भात चालेल का, डॉक्टर?

रेडिओवर डॉक्टर बोलायला लागले की आमच्या घरात प्रत्येकाला काहीतरी व्हायला लागतं. थायरॉइडचे तज्ज्ञ आले की काकूंचा गळा जड होतो. मणक्याचे आले की काका खुर्चीत ताठ बसतात. मूत्रपिंडावर कार्यक्रम असेल त्या दिवशी माठातलं पाणी दुपारीच संपतं. एकदा बालरोगतज्ज्ञ गोवराची लक्षणं सांगत होते, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या काकांनी हळूच बाही वर करून दंड पाहून घेतला. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. समोरचा माणूस इतक्या आस्थेनं आजाराबद्दल बोलतोय आणि आपल्याला मात्र काहीच झालेलं नाही, हे सभ्य श्रोत्याला जरा उद्धटपणाचं वाटतं.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेनं मराठी माणसाला एक सवय लावून ठेवली आहे. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी बोलत असायचे आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आपण त्यांच्याच घरात चौथ्या पाटावर बसलो आहोत. रेडिओवर कुणी बोलत असलं की आपणही त्या बोलण्यात आहोत असं आपण तेव्हापासून धरून चालतो. म्हणून डॉक्टर निवेदिकेला काही सांगू लागले की इकडे काकू मान डोलावतात आणि मधूनच “अहो, पण मला रात्रीचंच होतं” अशी पुरवणी जोडतात. डॉक्टरांना ती ऐकू जात नाही, ही बाब त्यांनी कधी महत्त्वाची मानलेली नाही.

डॉक्टरांच्या या कार्यक्रमाचा घाट ठरलेला असतो. निवेदिका आधी तज्ज्ञांच्या पदव्या वाचते. त्या इतक्या असतात की त्या संपेपर्यंत एखाद्याची साधी सर्दी बरी व्हावी. मग पहिला प्रश्न येतो, “डॉक्टर, मधुमेह म्हणजे नेमकं काय?” तिच्या स्वतःच्या घरात दोन माणसं इन्सुलिनवर असतील, तिला सगळं पाठ असेल, पण ती आपल्या वतीनं अडाणी होते. रेडिओवरची ही मोठीच समाजसेवा आहे. दवाखान्यात असा प्रश्न विचारायची आपली छाती होत नाही, कारण बाहेर बाकावर वीस माणसं बसलेली असतात आणि कंपाउंडर दारातून डोकावत असतो.

डॉक्टर मात्र सुरुवातीला पहिल्यांदा सासुरवाडीला जेवायला बसलेल्या जावयासारखे अवघडलेले असतात. गळ्यात स्टेथोस्कोप नाही, हाताशी कागदाचं पॅड नाही, समोर जीभ दाखवणारं कुणी नाही. काही जण घरून लिहूनच आणतात. मग कागदाची सळसळ ऐकू येते आणि ‘आहारामध्ये तंतुमय पदार्थांचा अंतर्भाव असणे आवश्यक आहे’ असं वाक्य सरकारी इमारतीच्या जिन्यावरून उतरल्यागत पायरी पायरीनं खाली येतं. पण दहा मिनिटांत कागद बाजूला पडतो. तपासता येत नाही, औषध लिहून देता येत नाही, तेव्हा डॉक्टरांना एकच गोष्ट करता येते. त्यांना बोलावं लागतं. आणि एरवी तीन मिनिटांत रोगी बाहेर काढणारा माणूस निवांत बोलायला लागला की तो चांगला बोलतो, असा माझा अनुभव आहे. विविध भारतीवरच्या ‘सेहतनामा’त तर पाहुण्या डॉक्टरांच्या आवडीची गाणीही लागतात. हृदयरोगतज्ज्ञ आले की गाण्यात ‘दिल’ येणारच, हे आम्ही घरात आधीच सांगून ठेवतो.

खरी रंगत येते ती फोन सुरू झाल्यावर.

“हॅलो, ताई, आवाज येतोय न्हवं?”

“येतोय काका, बोला. आधी तुमच्या रेडिओचा आवाज बारीक करा.”

“हां. नमस्कार. कार्यक्रम लई चांगला चाललाय.”

“धन्यवाद काका. रेडिओचा आवाज…”

“केला, केला. तर डॉक्टरसायेब, आमच्या मंडळींचं असं झालं, की दिवाळीत आमच्या मेहुण्याच्या घरी वास्तुशांत होती…”

वास्तुशांतीपासून गुडघ्यापर्यंत यायला वेळ लागतो. वाटेत मेहुण्याची नोकरी येते, घराचा जिना येतो, जिन्याला कठडा नसणं येतं. निवेदिकेची नजर घड्याळावर असणार, हे तिच्या “बरं… बरं…” मधून कळतं. पण डॉक्टर मध्येच विचारतात, “जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना?” आणि अचानक लक्षात येतं, की काकांनी सांगितलेला तो जिना फुकट गेलेला नाही. आपल्याकडे आजार सुटा नसतोच. तो सोयऱ्याधायऱ्यांसकट येतो. त्याला हकिगत म्हणतात. दवाखान्यात तिला वेळ नसतो, रेडिओवर थोडा मिळतो.

आजार कोणताही असो, प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी पोचतो : “भात चालेल का?” मधुमेहाला भात चालेल का, सर्दीत चालेल का, मोतीबिंदू काढल्यावर चालेल का. भाताच्या मागून दही, दह्यामागून केळं, आणि एप्रिल उजाडला की आंबा. डॉक्टर आधी अर्धा तास इन्सुलिन, स्वादुपिंड, रक्तशर्करा असं सगळं समजावतात. श्रोता ते आदरानं ऐकून घेतो आणि विचारतो, “मग हापूस?” मला यात अज्ञान दिसत नाही. त्याला शरीराचं शास्त्र नको आहे असं नाही. पण संध्याकाळी सात वाजता ताटासमोर बसायचं आहे आणि वाढणारी विचारणार आहे. त्या क्षणी स्वादुपिंड मदतीला येत नाही.

डॉक्टरांचं उत्तरही ठरलेलं : “चालेल, पण प्रमाणात.” या प्रमाणानं घराघरांत वाद लावले आहेत. मिठाचंच घ्या. मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि तोही दिवसभरात, सगळ्या पदार्थांतून मिळून. हे ऐकल्यावर काकूंनी वरून मीठ घेणं त्याच दिवशी बंद केलं. लोणचं, पापड, सांडगे आणि खारातल्या मिरच्या मात्र पानात डाव्या बाजूला तशाच राहिल्या. “ते मीठ थोडंच आहे? ते तोंडीलावणं,” असं त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी आहारतज्ज्ञ बाईंनी लोणच्याचं नाव घेऊन सांगितलं, तेव्हा काकूंना ती बाई एकदम कमी शिकलेली वाटू लागली.

दुसरा लाडका प्रश्न सलाइनचा. “अशक्तपणा वाटतोय, एक सलाइन लावून घेऊ का?” स्टँडला टांगलेल्या बाटलीवर आपला जो विश्वास आहे, तो पोटात जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर नाही. रेडिओ आणि सलाइन यांची एक गोष्ट आहे, ती अशा वेळी सांगावीशी वाटते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमध्ये बनगावला डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांकरवी ते पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. मिश्रण कसं करायचं याची पत्रकं सीमेवर वाटली गेली आणि एका गुप्त बांगलादेशी रेडिओ केंद्रावरूनही ती कृती सांगितली गेली. युद्धाच्या धामधुमीत, चोरून चालणाऱ्या केंद्रावरून, जुलाबाचं औषध! महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. आज आपल्या केंद्रावरचे डॉक्टर जे सांगतात ते त्याच वाणाचं : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. श्रोता लिहून घेतो आणि विचारतो, “आणि सलाइन?”

काही फोनवर आवाज खाली येतो. “माझ्या एका मित्राला विचारायचं होतं…” हा मित्र महाराष्ट्रात फार जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे १९२७ पासून वाचक आपल्या खाजगी शंका पाठवत. त्या शंकांना सरळ उत्तरं छापली म्हणून कर्व्यांवर खटला झाला आणि १९३४ मध्ये उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ज्या प्रश्नांसाठी तेव्हा कोर्टाची पायरी चढावी लागली, ते आज गुपचूप फोनवर विचारता येतात. निवेदिका नाव विचारत नाही, डॉक्टर मित्राबद्दल फाजील चौकशी करत नाहीत, आणि मित्राला हवं ते उत्तर मिळून जातं. रेडिओला चेहरा नाही, हे त्याचं वैगुण्य समजलं जातं. शरीराबद्दल बोलताना तीच त्याची मोठी सोय होते.

इंग्रजांनाही ती कळली होती. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवर चार्ल्स हिल नावाचे डॉक्टर सकाळी बोलत. डॉक्टरांनी स्वतःची जाहिरात करू नये म्हणून त्यांचं नाव सांगत नसत. सगळा देश त्यांना ‘रेडिओ डॉक्टर’ म्हणून ओळखे. ऐन न्याहारीच्या वेळी ते बद्धकोष्ठाबद्दल मोकळेपणानं बोलत. पोट साफ करणाऱ्या सुक्या आलुबुखारांना त्यांनी काळा कोट घातलेले नोकरदार ठरवून टाकलं होतं. पुढे ते खासदार झाले, मंत्री झाले आणि १९६७ मध्ये बीबीसीचे अध्यक्षही. पोटापाण्याचा प्रश्न ज्याला हाताळता आला त्याला देश चालवता येतो, एवढंच यावरून म्हणता येईल.

पण बीबीसीच्या डॉक्टरला उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती. ती गंमत पुण्यानं करून पाहिली. १९५६ मध्ये आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं नेमली. गावकरी रेडिओभोवती जमत, ऐकत, त्यावर आपसांत बोलत आणि शंका केंद्राकडे कळवत; पुढच्या कार्यक्रमात उत्तरं येत. विषय मुख्यतः शेतीचे आणि गावाचे होते. पण तज्ज्ञानं सांगायचं आणि गावानं “ते आमच्याकडं कसं जमायचं?” असं विचारायचं, हा धडा तिथे गिरवला गेला.

तो प्रश्न किती मोलाचा आहे ते डेंग्यूच्या दिवसांत कळतं. हा डास दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करा, असं सगळीकडे सांगितलं जातं. शहरात ते ठीक. फ्रिजमागचा ट्रे आणि मनी प्लँटची बाटली ओतून टाकायला कुणाचं काही जात नाही. पण दुष्काळी पट्ट्यात जिथे टँकर आठवड्यानं येतो, तिथे भरलेलं पिंप ओता म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. तिथला स्थानिक डॉक्टर सांगतो, “पिंपाच्या तोंडाला फडकं घट्ट बांधा, पाणी संपलं की पिंप आतून घासा आणि मग भरा.” शास्त्र तेच, फक्त टँकरचा वार माहीत असलेल्या माणसाच्या तोंडून आलेलं. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ चालते. अशा सामुदायिक केंद्रांना सहसा १०० वॅटची मर्यादा असते, आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. त्यामुळे तिथे बोलणारा तज्ज्ञ पळून जाऊ शकत नाही. सकाळी तळलेलं टाळा म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी आठवडी बाजारात भज्यांच्या गाड्यावर सापडले, की “काय डॉक्टर, प्रमाणात का?” असं विचारणारे भेटतातच. आरोग्यसेवेवर इतकी कडक देखरेख दुसऱ्या कुठल्या यंत्रणेची नसेल.

याच्या उलट अनुभव आपण २०२० मध्ये, करोनाच्या साथीत घेतला. कुणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग हात धुवायची सूचना. सूचना बरोबर होती, पण तिला काही विचारता येत नव्हतं. मोबाइलवर येणाऱ्या ‘कारल्याच्या रसानं शुगर कायमची गायब’ छापाच्या संदेशांनाही काही विचारता येत नाही. लोक चुकीचं ऐकतात ते मूर्ख असतात म्हणून नाही. बरोबर सांगणारा बहुधा थांबत नाही, आणि चुकीचं सांगणाऱ्याला भरपूर वेळ असतो.

तज्ज्ञ रेडिओवर नवीन काही सांगत नाहीत, अशी तक्रार मी ऐकली आहे. खरं आहे. चाला, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, पाणी उकळा, मुलांच्या लशी चुकवू नका. दरवर्षी तेच. पण रोग तरी कुठे दरवर्षी नवीन येतात? जुन्यांनाच आपण नेमानं बोलावतो.

तेव्हा तुमच्या गावच्या केंद्रावर डॉक्टर येणार असतील तर फोन लावा आणि वास्तुशांतीपासून सुरुवात करायची असेल तर खुशाल करा. मित्राचं नाव पुढे करायचं असेल तरी हरकत नाही. मात्र दोन आठवड्यांहून जास्त दिवस खोकला असेल, तर कार्यक्रमाची वाट पाहू नका. सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि क्षय नाही ना, यासाठी थुंकी तपासून घ्या. ती तपासणी मोफत होते.