आडवी सायकल, सरळ तोटा

ज्या देशाच्या युरोपातल्या भूमीवरचा सर्वांत उंच डोंगर ३२२ मीटरचा आहे, त्या देशात सायकलला किती गिअर लागावेत? नेदरलंड्सच्या लोकांनी याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. फार तर तीन, आणि सायकल आजीच्या काळातली असेल तर एकही नाही. वाल्सरबर्ग नावाचा हा डोंगर देशाच्या आग्नेय टोकाला, बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमेवर आहे. आपलं पुण्याचं स्वारगेट त्याच्यापेक्षा दोनशे मीटरनं उंच आहे, आणि तिथं अजून कुणी झेंडा रोवायला आल्याचं ऐकिवात नाही.

अशा देशात, आयंडहोवनजवळच्या एका सपाट गावात राहून मी माझ्या सायकलला विजेवर चालणारे गिअर बसवले.

सायकलही साधी नाही. रिकम्बंट आहे, म्हणजे पाठीवर रेलून आणि पाय पुढे पसरून चालवायची. पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे, एका नळीच्या टोकाला. हँडल सीटच्या खाली, मांड्यांच्या दोन्ही बाजूंना. दुरून पाहणाऱ्याला वाटतं, हा हॉस्पिटलातून पलंगासकट पळून आलाय. इथं अशा सायकली अधूनमधून दिसतात, तरी लोक विचारतातच. आणि मला सांगायला आवडतं. खरं म्हणजे चालवण्यापेक्षा सांगायलाच जास्त आवडतं. सिग्नलला कुणी नुसतं वळून पाहिलं तरी मी १९३३ पासून सुरू होतो. त्या वर्षी ७ जुलैला पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या, दुय्यम दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या सायकलपटूनं शार्ल मोशेनं बनवलेल्या आडव्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. मग यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं शर्यतीची सायकल कशाला म्हणायचं याची व्याख्याच अशी केली, की आडवी सायकल तिच्यात बसेना. नियम लागू झाला १ एप्रिल १९३४ रोजी. ही तारीख मी मुद्दाम सावकाश सांगतो. तोवर सिग्नल हिरवा झालेला असतो आणि ऐकणारा पुढच्या चौकात पोचलेला असतो.

विजेचे गिअर का, याचीही उत्तरं माझ्याकडे तयार होती. माणूस बघून द्यायची. बायकोला सांगितलं, मनगट दुखतं. शेजारच्या निवृत्त डच गृहस्थांना सांगितलं, केबलचं घर्षण. सांगलीला अण्णांना फोनवर सांगितलं, हल्ली सगळेच बसवतात. अण्णांची सगळी नोकरी एका हर्क्युलसवर झाली. तिला गिअर नव्हते आणि ब्रेक स्वतःची मर्जी असेल तेव्हा लागायचा.

"सगळे म्हणजे कोण रे?" अण्णांनी विचारलं.

मी रेंज गेल्याचा आवाज काढला.

यातलं केबलचं कारण निदान खोटं नव्हतं. नेहमीच्या सायकलवर गिअरची केबल हँडलपासून मागे एकाच दिशेनं जाते. माझ्या सायकलवर ती सीटखालून निघून एकीकडे नाकाच्या टोकाला आणि दुसरीकडे शेपटापर्यंत जाते, वाटेत वळणं घेते, पावसाचं पाणी आणि रेती पिते. मग इकडे खटका ओढावा आणि तिकडे डिरेलरनं, म्हणजे चेन सरकवणाऱ्या यंत्रानं, विचार करून कळवतो म्हणावं, असा कारभार. विजेच्या गिअरमध्ये ओढणं नाहीच. बटण दाबलं की वायरीतून इशारा जातो आणि डिरेलरमधली एवढीशी मोटर चेन पुढच्या चकतीवर नेऊन ठेवते. शिमानोनं ड्युरा-एस डीआय२ बाजारात आणलं २००९ मध्ये. २०१५ मध्ये स्रॅमनं वायरसुद्धा काढून टाकली. बटण आणि डिरेलर परस्पर रेडिओवर बोलतात, प्रत्येक डिरेलरच्या पाठीवर स्वतःची बॅटरी. आडव्या सायकलला कुणाही शहाण्यानं हेच बसवलं असतं. पण बिनवायरचा संच बसवायला दुपार पुरते, आणि दुपारभराच्या कामावर माणूस किती बोलणार? मी वायरवाला घेतला, तोही वापरलेला. किती पडला ते इथं लिहीत नाही. हा अंक आमच्या घरीही येतो.

(आणि अगदी खरं कारण विचाराल तर, आवाज. एका सायकल मेळाव्यात कुणाच्या तरी सायकलनं गिअर बदलताना हळूच 'झ्झिक' केलं. पुढचे कित्येक दिवस मी घरात चालताना तोंडानं तसा आवाज काढत होतो.)

पहिलं घोडं बॅटरीपाशी अडलं. या संचाची बॅटरी लांबट, गोल नळीसारखी. ती सीटखालच्या उभ्या दांड्यात आत सरकवून ठेवायची, बाहेरून दिसतही नाही, अशी योजना. छानच. फक्त माझ्या सायकलला तसा दांडा नाही. खुर्ची थेट मुख्य नळीवर बोल्टनं बसवलेली. घरात गोल आणि पोकळ जे जे होतं त्यात मी बॅटरी घालून पाहिली. शेवटी बसली ती प्रवासातल्या टूथब्रशच्या डबीत. डबी मी सीटच्या मागे पट्ट्यांनी बांधली. तेव्हापासून आमच्या घरातला एक टूथब्रश प्लास्टिकच्या पिशवीतून प्रवास करतो.

मग वायरी. या वायरी ठरावीक मापांतच मिळतात, दोन्ही टोकांना खटका बसवलेला. कापायची, जोडायची सोय नाही. मी कागदावर सायकल काढली, टेपनं मोजलं, मागवल्या. पुढची वायर मुख्य नळीच्या पोटातून न्यायची होती. दिव्याच्या वायरीसाठी तिथं आधीच एक भोक होतं, म्हणजे ड्रिल चालवायची गरज नव्हती. बायकोनं हे ऐकून ड्रिल तरीही माळ्यावर ठेवून दिलं. नळीतून वायर ओवायची एक जुनी युक्ती आहे. दोऱ्याच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा बांधायचा, तो एका भोकात सोडायचा, दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा. दोरा सुर्रकन ओढला जातो, मग त्याला वायर बांधून मागे खेचायची.

मी बायकोला नळीच्या तोंडाशी क्लीनर धरून उभं केलं आणि मुलीला स्विचपाशी. दोऱ्याच्या अलीकडच्या टोकाला गाठ मारून ते कशाला तरी बांधायचं असतं. स्विच चालू. तुकडा गेला, त्यामागं दोरा गेला, दोऱ्यामागं सबंध रीळ उड्या मारत जमिनीवरून भोकापर्यंत आलं, क्षणभर थरथरलं, आणि दोरा संपला.

"आला का?" मी विचारलं.

बायकोनं क्लीनरची पिशवी उघडली. त्यात दोरा होता. शिवाय तिची हरवलेली एक कुडी होती, त्यामुळं त्या दिवसापुरता माझ्यावरचा राग थोडा कमी झाला.

दुसऱ्या खेपेला वायर आरपार गेली. खटका पुढच्या डिरेलरमध्ये 'टक' करून बसला. त्या 'टक'नं मला जे वाटलं ते लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही वाटलं नव्हतं, आणि हे मी मोठ्यानं बोललो नाही ही त्या आठवड्यातली एकमेव अक्कल. पण या सायकलची पुढची नळी आत-बाहेर सरकते. पायांच्या लांबीप्रमाणे ती ओढून घट्ट करायची असते. आमची शेड लहान, म्हणून काम करताना मी ती पूर्ण आत ढकलून ठेवली होती. सगळं झाल्यावर बाहेर काढून माझ्या पायांच्या मापावर आणायला गेलो, तर नळीच्या आतून अगदी बारीक 'टुक' ऐकू आलं. वायर आखूड पडली होती आणि खटका सुटून आतल्या अंधारात निघून गेला होता. सायकल आता साडेचार फुटी माणसाला अगदी बरोबर होती. मुलगी म्हणाली, "बाबा, मग मलाच देऊन टाक ना."

लांब वायर मागवली. पुन्हा क्लीनर.

पुढच्या डिरेलरच्या पाठीमागं एक छोटा आधाराचा बोल्ट असतो. मोटरला जोर फार, म्हणून डिरेलरनं मागं झुकू नये यासाठी तो बोल्ट सायकलच्या सांगाड्यावर टेकवतात. माझ्याकडे तो जिथं टेकायचा तिथं सांगाडा नाही, हवा आहे. तिथं मी ॲल्युमिनियमच्या पट्टीचा टेकू दिला. तो कसा दिला हे तपशिलात सांगायची माझी इच्छा आहे, पण संपादकांनी शब्दमर्यादा घातली आहे.

सायकल दुरुस्तीचे स्टँड उभा दांडा पकडून धरतात. दांडाच नसल्यानं मी सायकल जेवणाच्या दोन खुर्च्यांवर आडवी ठेवत होतो. एका संध्याकाळी ती खुर्च्यांवरून पडली, नेमकी मागच्या डिरेलरवर. उचलली, बटण दाबलं, काही नाही. पुढचा डिरेलर चालतो, मागचा ढिम्म. मी वायर तपासली. दुसरी वायर तपासली. बॅटरी टूथब्रशच्या डबीतून काढून पुन्हा घातली. रात्री सायकल लॅपटॉपला जोडली, तर पडद्यावर आलं, नवा अपडेट आहे.

"सायकलला?" बायकोनं झोपेतून विचारलं.

अपडेट झाला. डिरेलर अजून ढिम्म. मी पुन्हा क्लीनर आणायला निघालो, तेव्हा मुलीनं माहितीपुस्तिका वाचून काढली. मी ती वाचली नव्हती. मी इंजिनिअर आहे. मागच्या डिरेलरला जोराचा धक्का बसला की तो मोटरचा सांधा स्वतःहून सोडून देतो, म्हणजे मोटर मोडू नये. वायरी जिथं एकत्र येतात त्या जोडपेटीवरचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की सांधा परत जुळतो. मुलीनं बटण दाबून मोठ्यानं पाचपर्यंत आकडे म्हटले. लाल दिवा लागला. पेडल फिरवलं. झ्झिक.

मान्य करायला हवं, चालली मात्र सुंदर. बोटाच्या टोकानं बटण नुसतं सुचवावं आणि मागं शेपटाशी चेन सरकावी. कालव्याकाठच्या सपाट रस्त्यावर, जिथं गिअर बदलायचं कारण शोधूनही सापडत नाही, तिथं मी उगाच बदलत असे. बदकं घाबरत.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही झीलंडमध्ये समुद्राजवळ कॉटेज घेतलं. गाडीच्या मागच्या सीटचा एक भाग पाडून सायकल तिरकी घातली, तिचं नाक माझ्या खांद्याशी. वर तंबू, बुटांची पिशवी आणि सांगलीहून आलेला भडंगाचा डबा. रात्री उशिरा पोचलो म्हणून सामान गाडीतच ठेवलं. भडंगाचा डबा हँडलच्या टोकावरच्या बटणावर रेटून बसला होता आणि त्यानं ते रात्रभर दाबून धरलं. बटण दाबलेलं राहिलं की बॅटरी संपत जाते. हेही पुस्तिकेत आहे.

सकाळी मी आणि मुलगी ओस्टरस्खेल्डेच्या बंधाऱ्यावर निघालो. १९८६ साली सुरू झालेला, वादळात दारं बंद करून समुद्राला बाहेर ठेवणारा हा नऊ किलोमीटरचा बांध. त्याच्यावरून सायकलचा रस्ता जातो आणि वारा समुद्रावरून थेट येतो. इथंच २०१३ पासून उलट्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा होते. वादळाचा अंदाज आला की ऐनवेळी जाहीर करतात, आणि सगळ्यांना चालवायला देतात त्या साध्या, सरळ बसायच्या, बिनगिअरच्या सायकली. मी मुलीला हे सगळं सांगितलं. वर सांगितलं, की आडव्या सायकलला वारा कमी लागतो, तेव्हा तू मागं राहिलीस तर घाबरू नकोस.

या संचात बॅटरी संपत आली की आधी पुढचा डिरेलर बंद पडतो. माझा पडला तेव्हा चेन मोठ्या चकतीवर होती. थोड्या वेळानं मागचाही थांबला, तोही नेमका जड गिअरमध्ये. सरळ सायकल असती तर पेडलवर उभं राहून अंगाचं वजन टाकता आलं असतं. आडवा पडलेला माणूस उभा कुठून राहणार? मी फोटोच्या निमित्तानं थांबलो आणि मग मला निघताच येईना. पाय जोर लावत होते, सायकल विचार करत होती. मुलगी तिच्या तीन गिअरच्या सायकलवर पुढं ठिपका झाली होती.

इथं विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी जवळपास निम्म्या हल्ली विजेच्या असतात. तसल्याच एका सायकलवरून एक आजीबाई आल्या आणि थांबल्या.

"बॅटरी संपली का?"

"हो."

"मग पेडल मारा. माझी संपली की मी मारते."

"पेडलला बॅटरी नाहीये. फक्त गिअरला आहे."

त्यांनी चष्मा सारखा करून सायकल नाकापासून शेपटापर्यंत पाहिली. टूथब्रशच्या डबीपाशी त्यांची नजर जरा रेंगाळली.

"म्हणजे दमायचं पायांनी, आणि मोटर बोटांना?"

मी केबलच्या घर्षणापासून सुरुवात केली. त्यांनी बराच वेळ मान डोलावली. मी पॅरिसला पोचलो तेव्हा त्या निघाल्या. जाताना मुलीला माझ्याकडे पाठवते म्हणाल्या, आणि पाठवलं. मुलीनं खुर्चीची पाठ धरून मला ढकललं आणि मी परतीच्या दिशेनं, पाठीवर वारा घेऊन, बघणाऱ्याला हेवा वाटेल अशा वेगात कॉटेजला आलो.

"कशी झाली राइड?" बायकोनं विचारलं.

"वारा फार होता," मी म्हणालो.

"आई," मुलगी भडंगाचा बकाणा भरत म्हणाली, "बाबाला चार्जर कुठंय विचार."

चार्जर आयंडहोवनला, शेडमध्ये होता. उरलेली सुट्टी सायकल कॉटेजच्या दाराशी, रस्त्यावरून दिसेल अशी उभी राहिली आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. येणारे-जाणारे थांबायचे, विचारायचे. फार छान गेली सुट्टी.