आडनावाला शोभेल असं

हल्ली बाळाच्या नावाची पहिली अट एकच: आडनावाला शोभलं पाहिजे. आता आडनाव ढेकणे, आगलावे किंवा पोटदुखे असेल, तर कुणी कुणाला शोभायचं, हे विचारायचं नसतं. नऊ महिने मोबाईलवर याद्या चाळून आईवडील शेवटी रियांश, कियांश, विवांश यांतलंच एक उचलतात. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते आधीच रांगत असतं. आजोबा ‘विष्णू कसं वाटतं?’ म्हणून बघतात. त्यांना चहा दिला जातो.

पूर्वाषाढा नक्षत्राच्या चौथ्या चरणाला ‘ढ’ येतो. ढेकण्यांकडे त्या मुहूर्तावर बाळ आलं, तर आद्याक्षरं झकास जुळतील; पण इतकं जुळलेलं कुणालाच नको असतं. मग ज्योतिष बाजूला ठेवून घर एकदम पुरोगामी होतं.

बारशाला आत्या पाळण्यात वाकते, कानात कुर्रर्र करते, पाठीवर धपाटे खाते. नाव मात्र तिला चिठ्ठीवर लिहून दिलेलं असतं.

त्यात महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आलाय. निर्णय चांगलाच आहे, पण आता चाल चार शब्दांना लावायची आहे.

तेव्हा घाई नको. जन्माची नोंद तेवढी 21 दिवसांत करा. नाव वर्षभरात फुकट घालता येतं, आणि विलंब शुल्क भरलं तर 15 वर्षांपर्यंत.