सिस्टरबाईंची कारकीर्द

वर्धा जिल्ह्यात, म्हणजे आर्वीपासून हिंगणघाटापर्यंत आणि देवळीपासून सेलूपर्यंत, कोणत्याही जरा मोठ्या वस्तीत जाऊन पाहावे. तेथे एक पाटील असे, एक गुरुजी असत, एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पुढारी असत, आणि या चौघांनाही कधी ना कधी इंजेक्शनाकरिता पाठमोरे होऊन जिला शरण जावे लागले अशी एक सिस्टरबाई असे. पांढरे सुती पातळ, आतल्या बाजूस चकती करून मनगटावर बांधलेले घड्याळ, आणि समोरच्याचा चेहरा न पाहता त्याची नखे पाहणारी दृष्टी, एवढ्या खुणांवर ती हजारांत ओळखू येई. अशा तिघीचौघी मी जवळून पाहिल्या. त्यांची गावे व घराणी निराळी असली तरी मूर्ती एकच, म्हणून पुढे त्यांची सरमिसळ करून टाकली आहे. आणि त्यांपैकी आता कोणीच हयात नसल्यामुळे हे धाडस निर्वेधपणे करता येत आहे.

ही मूर्ती घडली कोठे याचा शोध घेऊ गेल्यास वाट बहुधा सेवाग्रामकडेच वळते. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव होते, हिवताप हा तेथला जुना रहिवासी होता, आणि आश्रम म्हणून जी वस्ती उभी राहिली तीत देशभक्तांच्या जोडीला आजाऱ्यांचाही चांगलाच भरणा होता. कारण साम्राज्याशी झुंजणाऱ्या त्या महात्म्यास शुश्रूषेचा असा विलक्षण छंद होता की व्हाइसरॉयच्या खलित्याची आणि कोणाच्या पोटावरील मातीच्या पट्टीची दखल ते सारख्याच गांभीर्याने घेत. कुष्ठरोगाने गांजलेल्या परचुरे शास्त्र्यांस त्यांनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. पुढे १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा आगाखान पॅलेसमधील बंदिवासात निवर्तल्या, आणि डॉ. सुशीला नायर यांनी बिर्लांच्या अतिथिगृहात बायकामुलांसाठी पंधरा खाटांचा जो दवाखाना मांडला, त्यास कस्तुरबांचे नाव मिळाले. सुशीलाबहेनना तेथे सारे ‘बडी बहनजी’ म्हणत. त्यांच्या करड्या शिस्तीत जी मुलगी तयार झाली, तिला पुढे सासू, नणंद व जिल्हाधिकारी यांपैकी कोणाचेही भय वाटले नाही.

त्या काळी या पेशाकडे मुली हौसेने वळत नसत. बालविधवा, नवऱ्याने टाकलेल्या, मिशनने वाढवलेल्या, किंवा घरात खाणारी तोंडे फार आणि जमीन थोडी म्हणून आलेल्या, अशांचाच तो आसरा होता. परक्या पुरुषाच्या उशाशी रात्र काढणारी बाई ज्या गृहस्थांस सोयरिकीस चालत नसे, त्यांनाच न्यूमोनियात तिच्यावाचून चालत नसे. सोवळे हे पाऱ्याबरोबर वरखाली होते, असा सिस्टरबाईंचा अनुभव होता: ताप एकशे चारवर गेला की पाणी कोणाच्याही हातचे चाले, आणि अठ्ठ्याण्णवावर उतरला की जातीची चौकशी पुन्हा सुरू होई. हे त्या हसत सांगत. मला मात्र ते ऐकताना प्रत्येक वेळी हसू आले, असे नाही.

परंतु त्यांच्या राज्याचा खरा पाया पहिल्या तारखेत होता. आमच्या कापूसवाल्या मुलखात घरात पैसा वर्षातून एकदा येई, तोही आला तर. मृगाने दगा दिला, बोंडअळी पडली, जिनिंगवाल्याने भाव पाडला, की दिवाळीचा वायदा संक्रांतीवर आणि संक्रांतीचा अक्षय्यतृतीयेवर ढकलला जाई. १९७२ साली सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, तेव्हा चुकाऱ्याची वाट पाहण्याचे काम तेवढे सरकारी झाले. अशा घरात महिन्याच्या महिन्याला, पाऊस पडो वा न पडो, पगार घेऊन येणारी व्यक्ती एकच असेल, आणि त्या पगारातून धाकट्या भावाची फी, नणंदेचे लग्न, विहिरीच्या तगाईचा हप्ता आणि म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूचा खर्च भागत असेल, तर सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, घराची कुलमुखत्यारी कोणाकडे असणार हे सांगावयास पटवारी नको. यजमान कचेरीत कारकून होते. स्वभावाने गरीब आणि प्रकृतीने ठणठणीत, त्यामुळे घरात अदखलपात्र. इतरांप्रमाणे तेही बायकोस ‘सिस्टर’ अशीच हाक मारीत, आणि नागपूरच्या एखाद्या नव्या पाहुण्याचा यामुळे होणारा गोंधळ निस्तरण्याच्या भानगडीत पडत नसत.

सिस्टरबाईंनी घर कधी चालवलेच नाही. त्यांनी वॉर्ड चालवला. पहाटे पाचाला त्यांचा राउंड निघे. अंथरुणाच्या चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले नसले, तर त्यात माणूस झोपलेला असला तरी ती ओढून पुन्हा घातली जाई. पिण्याचे पाणी उकळलेले, भाजी लाल औषधाच्या पाण्यात बुडवलेली, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की कैरीचे पन्हे प्यायल्याशिवाय उंबरा ओलांडण्यास मनाई. नवी सून माप ओलांडून आत आली, तेव्हा ओटी भरण्यापूर्वी तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहण्यात आल्या आणि भरल्या मांडवात निकाल जाहीर झाला: “रक्तच नाही जी पोरीच्या अंगात! लोखंडी कढईत भाजी कर, माय, आन् रोज गूळ-शेंगदाणे खात जा.” थोरला मुलगा वकिलीची परीक्षा पास झाल्याची तार घेऊन धावत आला. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, “जीभ दाखव.”

धडधाकट माणसाशी काय बोलावे, हे त्यांस आयुष्यभर कळले नाही. तोच माणूस आडवा पडला की पालट होई. मग स्टोव्हवर पितळी डबीत काचेची सिरिंज खळखळू लागे, सुईच्या पोकळीतून बारीक तार आरपार फिरवली जाई, स्पिरिटचा गारवा दंडावर येई, आणि सुई केव्हा टोचली हे कळण्यापूर्वी बोळा चोळून होई. रात्रभर कपाळावरची पट्टी बदलणारा तो हात आणि “झोप, बापू, मी हाओ ना” हे शब्द मिळावेत म्हणून त्या घरातील पोरे आजारी पडण्याच्या खटपटीत असत. मीही एकदा काखेत कांदा दाबून पाहिला.

या खटपटींवर त्यांच्याजवळ एक तोडगा होता. सेवाग्रामच्या परंपरेत मातीच्या पट्टीइतकाच एनिमालाही मान. आणि मोरीतल्या खुंटीवर लाल रबरी नळी गुंडाळलेला एनिमाचा पांढरा डबा कायम टांगलेला असे. दुखणे खरे असल्यास त्याची गरज बहुधा लागत नसे. दुखणे गणिताच्या परीक्षेच्या सकाळी उपटलेले असल्यास सिस्टरबाई काही न बोलता मोरीकडे वळत, आणि रोगी उठून दप्तर भरू लागे.

निवृत्तीनंतर वॉर्ड घराच्या छपरीत आला. विळ्याने नाळ कापून त्यावर राख लावण्याच्या जुन्या वहिवाटीने किती अर्भके धनुर्वाताने जात, हे पाहिलेले असल्याने गावच्या सुईणीशी त्यांनी भांडण काढले नाही. तिला हात धुवावयास शिकवले, उकळलेले ब्लेड व दोरा दिला, आणि आपली मदतनीस करून टाकले. हे शहाणपण मोठमोठ्या आरोग्य-खात्यांस फार उशिरा सुचले. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी पुढे खेड्यांत सुगीच्या वेळी ज्वारी गोळा करून आरोग्यविम्याची योजना चालवली, तेव्हा सिस्टरबाई तिच्या बिनपगारी वसुली-कारकून झाल्या. ज्वारी देताना हात आखडणाऱ्या पाटलास, त्याला कोणत्या साली कोणती व्याधी झाली होती, याचे त्या चावडीवर मोठ्याने स्मरण देत, आणि वसुली पुरी होई. स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी काही घेतले नाही. कोणी वांगी आणून ठेवलीच, तर परतभेट म्हणून साबणाची वडी मिळे, आणि देणाऱ्याने त्याचा अर्थ समजून घ्यावा अशी अपेक्षा असे.

नव्वदीच्या आसपास त्यांनी अंथरूण धरले तेव्हा तापाचा तक्ता उशाखाली ठेवून स्वतःच भरला. दर दोन तासांनी आपली कूस बदलली जाते की नाही यावर घड्याळ लावून नजर ठेवली. शेवटच्या रात्री ड्युटीवर आलेल्या कोवळ्या मुलीची नाडी मोजण्याची पद्धत दुरुस्त केली आणि तिची नखे पाहिली.

तेरवीनंतर वाटणी झाली. जमिनीचा दावा अजून कोर्टात चालू आहे, घड्याळ नातीने घेतले, सिरिंजची पितळी डबी धाकट्या सुनेने सुईदोऱ्याकरिता नेली. एनिमाचा डबा कोणी मागितला नाही, म्हणून तो मोरीतल्या खुंटीवरच राहिला. नळी वाळून तडकली आहे, तोटी हरवली आहे, चालवणारे कोणी उरलेले नाही. परंतु त्या घरातील मुलांच्या शाळेच्या हजेरीस तालुक्यात अद्याप तोड नाही.